निष्पर्ण फांदीवरचा वसंत

नागपुरात वसंत हिरवळ घेऊन येत नाही. वर्षभरातल्या सुमारे 1,100 मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडून जातो, त्यामुळे फेब्रुवारी लागेपर्यंत गोरेवाड्याचा साग पाने गाळू लागतो, पायवाटांवर पाचोळ्याचा थर साचतो आणि वरवर पाहणाऱ्याला सारे रान भकास वाटते. नेमक्या याच रानात पळस, काटेसावर आणि पांगारा फुलतात. मार्चअखेरपर्यंतच्या सकाळी फिरण्याजोग्या असतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की हौशी माणूससुद्धा घराबाहेर पडायला धजावत नाही. हिरवाईची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून आपल्याकडचा वसंत निसटतो, तो यामुळेच.

पाण्याची इतकी टंचाई असताना झाडाने फुलांवर खर्च का करावा, याचे उत्तर पानगळीतच आहे. पानांवरील पर्णरंध्रांतून झाड सतत पाण्याची वाफ गमावत असते. पाने गळली की हा व्यय जवळजवळ थांबतो. खोलवर गेलेली मुळे मात्र जमिनीतला उरलासुरला ओलावा शोषत राहतात, खोडातील पाण्याची तूट हळूहळू भरून निघते आणि त्या साठ्यावर कळ्या उमलतात. शिवाय पानांचा आडोसा नसल्यामुळे फुले दुरूनही दिसतात. बियांचे वेळापत्रकही याच्याशी जुळलेले आहे. पळसाची चपटी, टोकाशी एकच बी असलेली शेंग उन्हाळ्यात वाळून हलकी होते, वाऱ्याबरोबर आईझाडापासून दूर जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यातले बी रुजण्यासाठी जमिनीवर तयार असते.

पळसाला पाने तीनच, हे आपण येता-जाता म्हणतो, पण त्याचे फूल फारसे कोणी हातात घेऊन पाहत नाही. झाडाखाली पडलेले एखादे ताजे फूल उचलावे. देठाकडचा भाग काळपट आणि मखमली लागतो. त्यातून निघालेल्या पाच पाकळ्यांपैकी मागची रुंद पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख, आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नौका तयार करतात. ही नौका नखाने अलगद उघडली की आत दहा पुंकेसर दिसतात. त्यांतले नऊ खालून जोडलेले असतात आणि एक सुटा असतो. मधुरस फुलाच्या तळाशी असतो. तो पिण्यासाठी जांभळा शिंजीर हा चिमुकला पक्षी फुलावर रेलला की नौका दाबली जाते, पुंकेसर बाहेर येतात आणि परागकण त्याच्या अंगाला लागतात. खारही हे काम करते. फुलांवर येणारे इतर कितीतरी पाहुणे मात्र नुसताच रस पिऊन जातात, आणि झाडाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

संस्कृत सुभाषितकारांनी विद्याहीन माणसाला गंधहीन पळसफुलाची उपमा दिली आहे. मला ती नेहमीच अन्यायकारक वाटत आली आहे. पळसाचे परागण मुख्यत्वे पक्ष्यांवर अवलंबून आहे; पक्षी फुले शोधतात ती डोळ्यांनी, आणि तांबडा-केशरी रंग त्यांना उत्तम दिसतो. ज्या ग्राहकाला वासाचे फारसे काही नाही, त्याच्यासाठी झाडाने सुगंध कशाला तयार करावा? काटेसावरीच्या जाड, लाल पाकळ्यांचे गणितही असेच आहे. अशा फुललेल्या झाडाजवळ थोडा वेळ उभे राहिले तर साळुंकी, बुलबुल, कोतवाल आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवाही पाहायला मिळतो. भोरडी, जिला पळसमैना असेही म्हणतात, हिवाळ्यात मध्य आशियाकडून भारतात येते आणि उन्हाळा वाढू लागला की परत जाते.

ज्यांना शहराबाहेर जाणे जमत नाही त्यांनी सिव्हिल लाइन्समधला किंवा आपल्याच गल्लीतला पिंपळ पाहावा. त्याची नवी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असते. या वयात पानातले हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, त्यामुळे प्रखर उन्हातली ऊर्जा वापरता न येता उलट पेशींनाच इजा होण्याचा धोका असतो. तांबूस रंग देणारे अँथोसायनिन हे द्रव्य त्या प्रकाशाचा काही भाग स्वतः शोषून घेते आणि पान तयार होईपर्यंत त्याचे रक्षण करते. कुसुमाच्या झाडावर हाच रंग इतका गडद उतरतो की लांबून ती फुलेच वाटावीत.

मार्चच्या उत्तरार्धात रामटेक किंवा उमरेडच्या बाजूला जाणे झाले तर मोह चुकवू नये, आणि त्यासाठी पहाटेच पोहोचावे. मोहाची फुले रात्री उमलतात, तेव्हा वटवाघळे त्यांच्याकडे येतात. पहाटे रसाळ, फिकट पिवळसर पाकळ्यांचा गोड पुंज गळून पडतो, तर फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. त्यामुळे पडलेली फुले वेचल्याने झाडाच्या पुढच्या पिढीचे काही बिघडत नाही. विदर्भातल्या अनेक वनालगतच्या कुटुंबांना या वेचणीतून उन्हाळ्यात चार पैसे मिळतात, शिवाय अस्वल आणि चितळही याच फुलांवर येतात. बिघडते ते फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो तेव्हा. ही आग पसरली की तिचा वणवा होतो आणि त्यात रोपटी, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, मातीवरचे संरक्षक आच्छादन असे सगळेच जळते. पाचोळा झाडून बाजूला सारला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तर फुले उलट अधिक स्वच्छ मिळतात. आपणही या दिवसांत रानात जाताना काडीपेटी घरीच ठेवावी, कारण वाळलेल्या सागाच्या पानाला पेटायला एक ठिणगी पुरते.