आयरिश पब बँड : परदेशातील कारकीर्द

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यधुना आणि गाणी पबमध्ये व उत्सवांत मानधन घेऊन सादर करणारा, साधारणतः तीन ते पाच जणांचा संच. 'सेशन'शी त्याची नेहमी गल्लत होते. सेशनमध्ये वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, पुढची धून आधी ठरलेली नसते आणि ऐकणाऱ्यांकडे पाठ झाली तरी कोणी रागावत नाही. बँडला ही चैन परवडत नाही.

पबमधले सेशन मुळात परदेशातच रुजले. खेड्यांत वादन चालायचे ते घरात किंवा चौरस्त्यावरच्या नाचात. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरीसाठी लंडनला गेलेल्यांच्या भाड्याच्या खोल्यांत ते जमेना. मग कॅम्डन टाउनसारख्या भागातले पब हेच त्यांचे अंगण झाले. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले आयरिश गायक क्लॅन्सी बंधू व टॉमी मेकम १९६१ साली एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पांढऱ्या लोकरी स्वेटरांत झळकले, आणि त्यानंतर मायदेशातही आयरिश लोकगाणी प्रतिष्ठित झाली. १९९० च्या दशकात गिनेस या बिअर कंपनीच्या पाठबळाने तयार सजावटीचे आयरिश पब जगभर निघाले व बँडना बाराही महिने काम मिळू लागले.

पबची रात्र बहुधा पाऊण-पाऊण तासाच्या दोन किंवा तीन भागांची असते. रील या चार मात्रांच्या धुनेचे दोन भाग प्रत्येकी आठ मापांचे (माप म्हणजे चार मात्रांचा एक खंड, इंग्रजीत 'बार'). दोन्ही दोनदा वाजवले की ३२ मापांचा एक फेरा होतो. नेहमीच्या गतीत त्याला जेमतेम ३५ सेकंद लागतात. धून तीनदा आणि अशा तीन धुना सलग, म्हणजे पाच मिनिटांचा एक 'सेट'. परदेशी श्रोता सलग दोन सेटनंतर गप्पांकडे वळतो, म्हणून मध्ये श्रोत्यांना सोबत म्हणता येईल असे पालुपद असलेली गाणी पेरावी लागतात. निव्वळ वादनावर विसंबलेले बँड पबमध्ये टिकत नाहीत. त्यांची जागा सभागृहात.

टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी बहुधा 'डी'ची, आपल्या भाषेत पांढरी दोनची असते, आणि तिच्यावर डी व जी (पांढरी पाच) या पट्ट्या सहज वाजतात. गायकाची पट्टी वेगळी निघाली की गिटारवाला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून मोकळा होतो. व्हिसलवाल्याला दुसरी व्हिसल काढावी लागते. टेनर बँजो फिडलच्याच (म्हणजे व्हायोलिनच्या) जी-डी-ए-ई क्रमाने, पण एक सप्तक खाली लावतात, त्यामुळे फिडलची बोटे जशीच्या तशी चालतात.

हवेचा फटका सर्वांत आधी बसतो तो बौरानला. हे शेळीच्या कातड्याचे, सुमारे ३५ ते ४५ सेंटिमीटर व्यासाचे वाद्य दमट पबमध्ये सैल पडून आवाज खाली नेते, तर हीटरच्या कोरड्या हवेत ताठ होऊन खणखणते. आपल्याकडे हलगी शेकतात; इथे उलट, कोरड्या हवेत आतून ओला हात फिरवतात. स्क्रूने ताणता येणारे बौरान दौऱ्यासाठी सोयीचे. थंड व्हिसल खाली बोलते, म्हणून ती लावण्याआधी हातात ऊब देणे बरे. इलन पाइप्सच्या (कोपराने भाता दाबून वाजवायच्या आयरिश पाइप्सच्या) बोरूच्या पत्त्या मध्य युरोपच्या हिवाळ्यात सुकून रुसतात. ध्वनिवर्धकावर बौरानचा खर्ज घुमत राहतो. मिक्सरवर तो छाटला नाही तर बँजो आणि गाण्याचे शब्द दोन्ही बुडतात.

आयरिश नागरिकाला युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कामासाठी व्हिसा लागत नाही. अमेरिकेत मात्र तिथल्या आयोजकाला किंवा एजंटला आधी अर्ज करावा लागतो. 'पी-१' या व्हिसावर्गात बँडची आंतरराष्ट्रीय ओळख लागते आणि तीनचतुर्थांश सदस्य किमान वर्षभर सोबत असावे लागतात. ऐनवेळी बदली वादक घेणाऱ्यांचे घोडे इथेच अडते. 'पी-३' या सांस्कृतिक वैशिष्ट्याच्या वर्गात वर्षाची अट नाही. जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के कर व त्यावर अधिभार कापला जातो; एका कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंतचे मानधन त्यातून सुटते. जुन्या पाइप्सवर हस्तिदंत असेल, तर वन्यजीव व्यापाराचा 'साइटीस' परवाना नसताना ते वाद्य सीमेवर नेणे म्हणजे गमावण्याची तयारी ठेवणे.

वर्ष १७ मार्चभोवती फिरते. त्या सेंट पॅट्रिक दिनी, आयर्लंडच्या संरक्षक संताच्या सणाला, एकेका बँडचे दोन-तीन कार्यक्रम होतात, आणि १८ तारखेला गायकाचा घसा बसलेला असतो. ऑगस्टमध्ये फ्रान्समधील लोरियाँ (१९७१ पासून), डेन्मार्कमधील ट्योनर आणि अमेरिकेतील मिलवॉकी (१९८१ पासून) येथील महोत्सव असतात.

दीर्घ कारकिर्दीचा ठळक नमुना म्हणजे द डब्लिनर्स हा बँड. १९६२ मध्ये डब्लिनच्या मेरियन रोवरील ओडोनह्यूज पबमध्ये रॉनी ड्रू, ल्यूक केली, किरन बर्क व बार्नी मकेना यांनी तो उभा केला. फिडलवादक जॉन शीहन १९६४ मध्ये आले. टेनर बँजोची वर सांगितलेली जुळणी मकेना यांच्यामुळेच सर्वत्र रूढ झाली. १९६७ मध्ये त्यांचे एक गाणे आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीने वर्ज्य ठरवले, तर जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनने ते इतके वाजवले की ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचले. पुढे जर्मनी ही त्यांची हक्काची बाजारपेठ बनली. धकाधकीची किंमतही मोठी होती : १९७४ मध्ये बर्क आणि १९८० मध्ये केली रंगमंचावरच कोसळले. २०१२ मध्ये मकेना गेल्यावर, पन्नास वर्षे पुरी करून ते नाव थांबले. उरलेल्यांपैकी काहींनी 'द डब्लिन लेजंड्स' या नावाने दौरे चालू ठेवले.