परतीच्या पावसाच्या तारखा कुठून आल्या?

परतीचा मॉन्सून यंदा 'लांबला', असं आपण दरवर्षी वाचतो. लांबला म्हणजे कोणत्या तारखेपेक्षा? २०२० पर्यंत ज्या तारखा प्रमाण धरल्या जात होत्या, त्या १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवरून ठरल्या होत्या. त्यांनुसार पावसाने वायव्य राजस्थान १ सप्टेंबरला आणि मुंबई २९ सप्टेंबरला सोडायची. पाऊस काही ते मानत नव्हता. अखेर हवामान खात्याने १९७१ ते २०१९ च्या नोंदी तपासून राजस्थानसाठी १७ सप्टेंबर आणि मुंबईसाठी ८ ऑक्टोबर अशा नव्या तारखा ठरवल्या. देशभरातून माघार पूर्ण होण्याची तारीख मात्र १५ ऑक्टोबरच राहिली.

तारखा बदलायला एवढा उशीर का झाला? माझ्या मते, खात्याचं सारं लक्ष पहिल्यापासून पावसाच्या येण्याकडे आणि एकूण बेरजेकडे होतं. चक्रीवादळ आणि दुष्काळांनंतर १८७५ मध्ये खातं स्थापन झालं. १८८६ मध्ये खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हंगामाचा पहिला अंदाज दिला, तोही पाऊस किती पडेल याचाच. मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरची ती इमारत अजून 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. परतीचा हिशेब शेतकरी हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांवर ठेवायचे. 'पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती' हे रब्बीसाठी खरं. काढणीला आलेल्या सोयाबीनला तोच पाऊस नकोसा.

माघार जाहीर करायचे निकष आता पक्के आहेत: १ सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नको, हवेच्या खालच्या थरात वाऱ्याची प्रत्यावर्ती स्थिती (जास्त दाबाच्या केंद्राभोवती फिरत बाहेर पसरणारा वारा) हवी आणि हवेतली आर्द्रता घटलेली हवी. अंदाज अवघड होतो तो महाराष्ट्रात. दिवसभर तापलेली जमीन आणि हवेत उरलेली ओल यांतून दुपारनंतर वळीव उठतो, एका गावाला झोडपतो आणि शेजारचं कोरडं ठेवतो. खात्याच्या पत्रकातल्या 'तुरळक ठिकाणी'चा अर्थ उपविभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, एवढाच.

नव्या तारखांच्या पहिल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर २०२० ला, बंगालच्या उपसागरातला अतितीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला आणि सोलापूर-पुण्यावर कोसळत अरबी समुद्राकडे गेला. त्या साली माघार सुरूच झाली २८ सप्टेंबरला. संपली २८ ऑक्टोबरला.