फाइल-शेअरिंग, झेडएफएसमधील

साठवण-सर्व्हरवरील फोल्डर नेटवर्कवर कोणाला खुला असावा, हे वेगळ्या फाइलीत न लिहिता फाइल सिस्टिमच्याच गुणधर्मात नोंदवण्याची पद्धत. सन कंपनीच्या सोलॅरिस या कार्यप्रणालीवर पूर्वी अशा परवानग्यांच्या ओळी ‘डीएफएसटॅब’ फाइलीत असत. झेडएफएस या, डिस्कवरील फाइली सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये हे काम ‘शेअरएनएफएस’ हा गुणधर्म करतो.

झेडएफएसचा काळ निरनिराळा दिला जातो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अ‍ॅरेन्स आदींनी काम सुरू केले ते २००१ साली. घोषणा २००४ ची, तर सोलॅरिसच्या मूळ कोडमध्ये समावेश ऑक्टोबर २००५ अखेरचा. वापराच्या दृष्टीने २००५ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. एनएफएस, म्हणजे दुसऱ्या संगणकावरील फाइली नेटवर्कवरून वापरू देणारी पद्धत, हेही त्याच कंपनीचे, १९८४ मधले.

गुणधर्म पूलबरोबर, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कांच्या साठ्याबरोबर, राहतो. डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडल्या तरी तो सोबत येतो. हाच मोठा लाभ, असे समर्थक म्हणतात. परवानग्या एकाच फाइलीत, एका नजरेत दिसाव्यात, हा दुसरा पक्ष. पहिला पक्ष सयुक्तिक वाटतो, मात्र मर्यादेसह : मूल्य लिहिण्याची रीत लिनक्स व फ्रीबीएसडी या कार्यप्रणालींत वेगळी असल्याने गुणधर्म पोचतो, अर्थ पोचेलच असे नाही.

गुणधर्म पोटडेटासेटांना (डेटासेट म्हणजे पूलमधील एक फाइल सिस्टिम) वारसाने मिळतो, आणि गफलत नेमकी इथेच होते. सदाशिव पेठेतील एखाद्या प्रकाशनगृहाच्या लिनक्स सर्व्हरवर ‘प्रकाशन’ या डेटासेटच्या पोटात ‘दिवाळीअंक’ आहे असे धरू. मूल्य नुसते ‘ऑन’ असताना अंकाची पाने सर्व संगणकांवर दिसतात. मग प्रवेश कार्यालयातल्या पत्त्यांपुरता ठेवावा म्हणून मूल्य बदलले जाते आणि एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘प्रकाशन’ जोडणाऱ्या संगणकांवर ‘दिवाळीअंक’ रिकामा दिसू लागतो. ऐन छपाईच्या तोंडावर पाने गेली असे वाटून माणूस हादरतो; पाने सर्व्हरवर शाबूत असतात. प्रत्येक डेटासेट ही स्वतंत्र फाइल सिस्टिम असते. तिची हद्द ओलांडू देणारा ‘क्रॉसमाउंट’ हा पर्याय ‘ऑन’मध्ये आपोआप येतो, स्वतः लिहिलेल्या मूल्यात तो स्वतःच घालावा लागतो. चौथ्या आवृत्तीत ही अडचण सहसा येत नाही.

 

विंडोज संगणकांसाठी ‘शेअरएसएमबी’ हा वेगळा गुणधर्म आहे. लिनक्सवर तो साम्बाकडे, म्हणजे विंडोज पद्धतीने फोल्डर खुले करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सोपवला जातो. शेअरच्या नावातील तिरकी रेघ अधोरेषा होते आणि शेअरच्या पातळीवर सर्वांना पूर्ण मुभा मिळते. त्यामुळे फोल्डरवरील मालकी व परवानग्या आधी तपासूनच तो चालू करावा.