प्रवासाला नेण्याची दुर्बीण: विकत घेण्याआधी डोळ्याला लावून बघा

दुर्बीण घ्यायला आलेल्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, “हिच्यातून किती लांबचं दिसतं?” नुसत्या डोळ्यांनी आपल्याला सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र दिसतो. त्यामुळे किती लांबचं दिसतं याला फारसा अर्थ नाही. जे दिसतं ते किती स्वच्छ, किती स्थिर आणि किती कमी उजेडात दिसतं, हे विचारायला हवं. दुर्बिणीची किंमतही त्यावरच ठरते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात गर्दीच्या वेळी हे सगळं निवांत सांगता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी दुर्बिणीवरचे आकडे. ८×२५ यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते, आणि २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात आल्यावर लोकांची नजर पहिल्या आकड्यावर जाते आणि ८ पेक्षा १०, १० पेक्षा १२ चांगला असं वाटतं. छोट्या दुर्बिणीत मात्र खरी महत्त्वाची गोष्ट या दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. २५ ला ८ ने भागलं की ३.१ येतात. नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. १०×२५ मध्ये तो २.५ वर येतो, ८×३२ मध्ये ४, ८×४२ मध्ये सव्वापाच. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते, त्यामुळे तेव्हा या दुर्बिणींतला फरक फारसा जाणवत नाही. तिन्हीसांजेला किंवा दाट झाडीत बाहुली मोठी होते आणि तेव्हा अडीच मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो. चित्र काळपट दिसतं आणि रंग मरतात. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा, कारण तिथं सकाळी आठ वाजताही झाडांखाली अंधारच असतो.

दुसरा मुद्दा स्थिरतेचा. दहापट दुर्बीण हाताची थरथरही दहापट करून दाखवते. ठाणे खाडीतल्या बोटीत बसून बघायचं असेल तर पायाखाली इंजिनाची घरघर असते, पाणी हलत असतं. तिथं ८ चा आकडा १० पेक्षा जास्त दाखवतो. हातात घेऊन बघायच्या छोट्या दुर्बिणीसाठी आमचं स्पष्ट मत आहे: ८ पट. हात स्थिर असेल आणि मोकळ्या मैदानात, भरपूर उजेडात बघायचं असेल, तरच १०. त्यापुढचं काही घ्यायचं तर तिपाई लागते, आणि मग ती प्रवासाची दुर्बीण राहत नाही. ‘१० ते ३० झूम’ किंवा ‘१०० पट, दिवसा आणि रात्री’ असं छापलेल्या स्वस्त दुर्बिणी आम्ही दुकानात ठेवत नाही. एवढ्याशा भिंगातून शंभरपटीचं स्वच्छ चित्र मिळणं प्रकाशशास्त्राच्या नियमांत बसत नाही. पुढच्या भिंगांवर माणकासारखा लालभडक लेप दिलेल्या दुर्बिणींचंही तसंच. तो लेप लाल उजेड परत फिरवतो, आणि आतून दिसणारं चित्र हिरवट-निळसर होतं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जायचं आणि त्याचा गुलाबीच गमवायचा, असं कशाला?

चांगल्या काचेतून नेमकं काय जास्त दिसतं, तेही सांगतो. खाडीच्या चिखलात हजारो रोहित उभे असतात आणि लांबून सगळे सारखेच वाटतात. चांगल्या दुर्बिणीतून चोच बघा. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर तो मोठा रोहित. सगळी चोच गडद, काळपट लाल दिसली तर छोटा रोहित. किंवा येऊरच्या वाटेवर ‘टुक टुक’ करणारा तांबट घ्या. नुसत्या डोळ्यांना तो शेंड्यावरचा हिरवा ठिपका असतो. दुर्बिणीत त्याचं लाल कपाळ, पिवळा गळा आणि छातीवरचा लाल पट्टा वेगवेगळे दिसले पाहिजेत. स्वस्त काचेत हे तिन्ही रंग एकमेकांत मिसळतात, आणि पांढऱ्या आभाळासमोरच्या फांदीला जांभळी-हिरवी किनार येते. ही किनार कमी करायला ‘ईडी’ काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, वापरतात. मात्र नुसती ‘ईडी’ ही अक्षरं बघून भुलू नका. बाकीची बांधणी कच्ची असेल तर या काचेचा फारसा उपयोग होत नाही.

ती बांधणी कशी असते, हे थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण पैसे तिथंच जातात. भिंगातून येणारं चित्र उलटं असतं आणि ते सरळ करायला आत प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारे काचेचे ठोकळे, बसवलेले असतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही वापरात आहे. ज्या दुर्बिणीच्या नळ्या मध्येच वळसा घेतल्यासारख्या दिसतात ती पोरो. ज्यात नळ्या सरळ असतात ती रूफ प्रिझमची. सुटसुटीत आणि पाण्याला दाद न देणाऱ्या दुर्बिणी बहुतेक करून रूफच्या असतात. पण रूफमध्ये एक अडचण आहे. प्रिझमच्या कडेवर उजेडाचे दोन भाग होतात, त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत आणि चित्रातला बारीक तपशील पुसट होतो. यावर झाइस कंपनीने १९८८ मध्ये ‘फेज कोटिंग’ आणलं, म्हणजे या लहरी परत जुळवणारा लेप. शिवाय बहुतेक रूफ प्रिझमच्या एका बाजूला आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा साधारण ८७ ते ९३ टक्के उजेड परतवतो, चांदीचा ९५ ते ९८ टक्के, आणि ‘डायइलेक्ट्रिक’ (धातूऐवजी अनेक पातळ थरांचा) मुलामा ९९ टक्क्यांच्या वर. म्हणून रूफची दुर्बीण घेताना फेज कोटिंग आहे का, हे विचाराच. ते नसेल तर त्याच पैशांत मिळणारी पोरो जास्त स्वच्छ दाखवेल. ती थोडी जाडजूड असेल आणि भर पावसात काढता येणार नाही, एवढंच. बजेट कमी असणाऱ्या ग्राहकांना आम्ही बिनदिक्कत पोरोच सुचवतो.

भिंगांवरच्या लेपाचंही असंच आहे. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा उजेड वाटेतच संपतो. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागून असलेल्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप. नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एकच थर असू शकतो.

चष्मा असणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ किती ते बघावं, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. ते १५ मिलिमीटर किंवा जास्त हवं. कमी असेल तर चष्म्यातून कडा कापलेलं, नळीतून बघितल्यासारखं चित्र दिसतं. छोट्या दुर्बिणींत हे अंतर पुष्कळदा कमी असतं, म्हणून रोजचा चष्मा लावून, रबरी कप खाली दाबूनच बघा.

आता कोणी काय घ्यावं. गड चढताना, परदेशवारीत किंवा रोजच्या पर्समध्ये ठेवायची असेल तर ८×२५. वजन साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. यातल्या काही दुर्बिणींना दोन बिजागऱ्या असतात. त्या घडी करून खिशात मावतात, पण प्रत्येक वेळी उघडून दोन्ही बाजू डोळ्यांशी जुळवाव्या लागतात. पक्षी तोवर थांबत नाही. एक बिजागरी असलेली किंचित मोठी वाटली तरी वापरायला सोपी.

घरातल्या आई-वडिलांसाठी घेत असाल तर २५ वर थांबू नका, ८×३० किंवा ८×३२ बघा. उजेडाचा झोत रुंद असल्यामुळे डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. २५ च्या दुर्बिणीत डोळा नेमका जुळला नाही की मध्येच काळी सावली येते, आणि मग ज्येष्ठ मंडळी “मला काही दिसत नाही बाबा” म्हणून दुर्बीण परत देतात. ३२ चं भिंग २५ च्या भिंगापेक्षा सुमारे ६४ टक्के जास्त उजेड घेतं, वजन मात्र पाचशे ग्रॅमच्या आसपासच राहतं. ताडोब्याला पहाटेच्या फेरीत, कर्नाळ्याला किंवा सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींवर नियमित जाणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही हीच मापं सुचवतो. एकच दुर्बीण घ्यायची तर आमच्या मते ती ही. वांगणीकडे आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना हिच्यातून कृत्तिकांचा पुंजका सुरेख दिसतो, आणि कोपर भिंतीला टेकवून हात स्थिर ठेवले तर गुरूचे चंद्रही. फक्त तेवढ्यासाठीच घ्यायची असेल तर ४२ किंवा ५० चं भिंग घ्या.

घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला जाणाऱ्यांनी आणखी एक आकडा विचारावा: कमीत कमी किती अंतरावर फोकस होतो. काही दुर्बिणी पाच मीटरच्या आत स्पष्ट दाखवतच नाहीत. समोरच्या झुडपावर ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, येऊन बसलं तर मागे मागे सरकावं लागतं. दोन मीटरपर्यंत फोकस होणारी घ्या.

दुकानात तपासायचं कसं? आधी दुर्बीण हातभर लांब धरून, उजेडाकडे तोंड करून नेत्रिकेत बघा. उजेडाचे दोन पांढरे ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारख्या, चौकोनी किंवा करड्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या काचेचे किंवा अपुरे आहेत. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ते मंद हिरवं-जांभळं दिसलं तर लेप चांगला, पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही. मग बाहेर येऊन लांबची विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. एका तारेच्या दोन वरखाली तारा झाल्या तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण दहा मिनिटांत डोकं दुखवते, मग ती कितीही नामांकित असो.

डोळ्यांशी जुळवणं एकदाच शिकायचं असतं. बिजागरी हलवून दोन गोलांचा एक गोल करा. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. तिची खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. अनेक घरांत दुर्बिणी पडून राहतात त्या एवढं एक न केल्यामुळे.

राहिली निगा. ठाण्याच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी फार लवकर धरते. एकदा तिने लेप खाल्ला की तो परत येत नाही. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेल्या दुर्बिणीच्या आतल्या बाजूला धोका कमी, बाहेरच्या काचेला मात्र तेवढाच. जूनपासून दुर्बीण चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात कोंडून ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. खाडीवरून आल्यावर ओलसर फडक्याने बाहेरचं खारं पाणी पुसून घ्या. काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड. शर्टाच्या टोकाने किंवा ओढणीने पुसलं की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात.

मुलांच्या हाती देताना एकच गोष्ट ठासून सांगा: सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही. माथेरानच्या सनसेट पॉइंटवर मावळतीचा सूर्य लाल आणि सौम्य वाटला तरी नाही. क्षणभरात डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

आमच्याकडे बघायला याल तेव्हा रोजचा चष्मा सोबत आणा, आणि जमल्यास संध्याकाळी सहाच्या सुमारास या. दोन-तीन दुर्बिणी घेऊन तलावपाळीच्या कट्ट्यावर जाऊ आणि पलीकडच्या काठावरच्या पाट्या वाचून बघू. उजेड उतरत असताना कोणत्या दुर्बिणीत अक्षरं शेवटपर्यंत वाचता येतात, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. तिथं एकही पसंत पडली नाही, तर न घेता गेलात तरी आमची हरकत नाही.