व्यावसायिक मुष्टियुद्धातील जगज्जेत्याची कारकीर्द

मानधन घेऊन लढणाऱ्या आणि एखाद्या वजनगटाचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या मुष्टियोद्ध्याची, पदार्पणाच्या लढतीपासून निवृत्तीपर्यंतची वाटचाल. या खेळाला ना हंगाम असतो, ना साखळी सामने, ना गुणतक्ता. कोणी कोणाशी, केव्हा, किती वजनावर आणि किती पैशांत लढायचे, हे दर वेळी वाटाघाटींतून ठरते. हौशी मुष्टियुद्धात सोडत निघते आणि समोर येईल त्याच्याशी लढावे लागते. व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी निवडला जातो. त्यामुळे विजेत्याची कारकीर्द रिंगमध्ये जितकी घडते, तितकीच करारांच्या टेबलावरही घडते. हे ध्यानात न घेता नुसते जय-पराजयाचे आकडे वाचले, तर हमखास फसगत होते.

जगज्जेतेपद म्हणजे नेमके काय

खेळाची आजची चौकट १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी घालून दिली : तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातात मोजे आणि खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद. उघड्या मुठींचा जमाना तरीही लगेच सरला नाही. जॉन एल. सलिव्हन १८८९ मध्ये जेक किलरेनशी उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला. त्याच सलिव्हनला ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जेम्स कॉर्बेटने मोजे घालून एकविसाव्या फेरीत गारद केले. विजेत्याला हरवील तो विजेता, इतका तेव्हा हिशेब सरळ होता.

पुढे पट्टे (जगज्जेतेपदाची खूण) वाटणाऱ्या संघटना आल्या आणि हिशेब बिघडला. १९२१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनने १९६२ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन (डब्ल्यूबीए) हे नाव घेतले. १९६३ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल (डब्ल्यूबीसी), १९८३ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन (आयबीएफ) आणि १९८८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन (डब्ल्यूबीओ) यांची भर पडली. सतरा वजनगट आणि चार संघटना धरल्या, तर एका वेळी ६८ जगज्जेते असू शकतात. अंतरिम आणि ‘सुपर’ विजेते धरले, तर आकडा आणखी फुगतो. संघटनेला प्रत्येक पट्ट्याच्या लढतीमागे शुल्क मिळते, हे या सुकाळाचे साधे कारण आहे.

चारही पट्टे एकाच्या कमरेला आले, की तो निर्विवाद विजेता. हे किती अवघड आहे, याचा दाखला हेवीवेट या सर्वांत जड गटात मिळतो. लेनक्स लुइस १९९९ मध्ये निर्विवाद विजेता झाल्यानंतर (तेव्हा त्यासाठी तीनच पट्टे मोजले जात) तसा दुसरा विजेता १८ मे २०२४ रोजी झाला. त्या रात्री रियाधमध्ये ऑलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला गुणांवर हरवले. आणि पुढच्याच महिन्यात त्याने आयबीएफचा पट्टा सोडला, कारण त्या संघटनेने ठरवलेल्या आव्हानवीराशी लढण्याऐवजी त्याला फ्युरीशी झालेल्या कराराप्रमाणे पुन्हा फ्युरीशीच लढायचे होते. पट्टा हरून जातो, तसा तो असा कागदोपत्रीही जातो.

घडण

नवा मुष्टियोद्धा बहुधा चार फेऱ्यांच्या लढतीने सुरुवात करतो. मग सहा, आठ, दहा आणि शेवटी जगज्जेतेपदासाठी बारा फेऱ्या. या काळात त्याच्या नशिबाची दोरी मॅचमेकरच्या, म्हणजे लढती जुळवणाऱ्याच्या, हाती असते. चांगला मॅचमेकर आपल्या माणसासमोर नुसते दुबळे लढवय्ये उभे करत नाही. एकदा डावखुरा, एकदा उंच, एकदा बरगड्यांवर मारणारा, एकदा बिलगून वेळ काढणारा, अशी तो शिकवणीच लावतो. समोर येणारे बरेचसे अनुभवी, मार खाऊन उभे राहणारे आणि आपण जिंकणार नाही हे जाणून आलेले असतात. विजेत्याच्या नावापुढे दिसणारे पहिले वीस-पंचवीस विजय बहुधा अशांवरचे असतात. त्यात लबाडी नाही. धंद्याची रीतच ती आहे.

माइक टायसन मार्च १९८५ मध्ये व्यावसायिक झाला आणि वीस महिन्यांत २८ लढती लढला. अठ्ठाविसाव्या लढतीत, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडले आणि अवघ्या २० व्या वर्षी तो हेवीवेटचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. दुसऱ्या टोकाला वासिल लोमाचेन्को. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके खिशात असल्याने त्याने दुसऱ्याच लढतीत जगज्जेतेपदाला हात घातला आणि मार्च २०१४ मध्ये तो ओरलांडो सालिदोकडून हरला. रांगड्या व्यावसायिक डावपेचांचा धडा त्याला भर लढतीत मिळाला. तीन महिन्यांनी, तिसऱ्या लढतीत, त्याने पट्टा जिंकला.

संधी न मिळणे हाही कारकिर्दीचा भाग असतो. जॅक जॉन्सनला कृष्णवर्णीय म्हणून हेवीवेट विजेत्यांनी टाळले. टॉमी बर्न्सचा पिच्छा पुरवत अखेर त्याला २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत मिळाली आणि त्याने ती एकतर्फी जिंकली. हॅरी विल्सला मात्र विसाच्या दशकात जॅक डेम्प्सीविरुद्ध ती कधीच मिळाली नाही. आर्ची मूर १९३५ पासून लढत होता. लाइट हेवीवेटच्या पट्ट्यासाठी त्याला डिसेंबर १९५२ पर्यंत थांबावे लागले.

मार्विन हॅग्लरचे उदाहरण जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. ब्रॉक्टन या मॅसॅच्युसेट्समधील गावी पेट्रोनेली बंधूंच्या हाताखाली तो तयार झाला आणि १९७३ मध्ये व्यावसायिक झाला. डावखुरा, डोक्याचा तुळतुळीत गोटा, ठोसा झेलण्याची अचाट ताकद. अशा माणसाशी लढून मिळवायचे थोडे आणि गमवायचे फार, म्हणून नावाजलेले लढवय्ये त्याच्यापासून लांब राहत. जवळपास पन्नास लढतींनंतर, नोव्हेंबर १९७९ मध्ये, त्याला विटो अँट्युओफर्मोविरुद्ध संधी मिळाली. लढत बरोबरीत सुटली, आणि बरोबरीत पट्टा विजेत्याकडेच राहतो. २७ सप्टेंबर १९८० रोजी लंडनच्या वेम्ब्लीत त्याने तेव्हाच्या विजेत्या अॅलन मिंटरला तिसऱ्या फेरीतच इतके रक्तबंबाळ केले, की लढत थांबवावी लागली. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगवर बाटल्यांचा मारा केला, आणि नव्या जगज्जेत्याला साथीदारांनी अंगाखाली झाकून बाहेर काढले. पट्टा कमरेला बांधण्याचा सोहळा राहूनच गेला. पुढे सहा वर्षांहून अधिक काळ तो मिडलवेटचा विजेता राहिला. १५ एप्रिल १९८५ रोजी टॉमस हर्न्सशी झालेली त्याची लढत जेमतेम आठ मिनिटे चालली, पण तिची पहिली फेरी आजही या खेळातील सर्वोत्तम फेऱ्यांत गणली जाते. ६ एप्रिल १९८७ रोजी शुगर रे लिओनार्डने त्याला विभागलेल्या निकालाने, म्हणजे तीनपैकी दोन परीक्षकांच्या कौलाने, हरवले. निकाल त्याला कधीच पटला नाही. त्यानंतर तो एकदाही लढला नाही, आणि हेच त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत दुर्मीळ कृत्य म्हणावे लागेल.

वजन, मोजे आणि कोपरा

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. मुष्टियोद्धा अंगातले पाणी घामावाटे काढून काट्यावर चढतो आणि पुढच्या चोवीस-तीस तासांत ते भरून काढतो. रिंगमध्ये उतरताना तो काट्यावरच्या वजनापेक्षा कित्येक किलो जड असतो. विजेत्याचे वजन ठरलेल्या मर्यादेहून जास्त भरले, तर पट्टा तिथेच जातो; मग लढत झालीच तर तो जिंकण्याचा हक्क फक्त आव्हानवीराला. वजनगट बदलत वर जाणे हा कारकीर्द वाढवण्याचा राजमार्ग आहे. मॅनी पॅकियाओने १९९८ मध्ये ५०.८ किलोच्या फ्लायवेट गटात पहिला पट्टा जिंकला आणि २०१० पर्यंत ६९.८५ किलोच्या मर्यादेपर्यंत मजल मारत आठ वजनगटांत विजेतेपदे मिळवली.

लढतीआधी ड्रेसिंग रूममध्ये हातांना गॉझ आणि चिकटपट्टी बांधली जाते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा माणूस शेजारी उभा राहून डोळ्यांत तेल घालून पाहतो. बांधून झाले, की लढतींवर देखरेख करणाऱ्या आयोगाचा निरीक्षक पट्टीवर सही करतो. मोज्यांच्या नाड्यांवरूनही टेप गुंडाळतात. हा संशय उगाच नाही : १६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये लुइस रेस्टोच्या मोज्यांतले भरण काढून टाकलेले आढळले, आणि त्या मोज्यांचा मार खाल्लेला बिली कॉलिन्स पुन्हा कधी लढू शकला नाही.

दोन फेऱ्यांमधली ६० सेकंदे कोपऱ्यातल्या माणसांची असतात. स्टूल आत सरकते, प्रशिक्षक समोर वाकून एखाद-दुसरीच सूचना देतो, कारण दमलेल्या डोक्यात त्याहून जास्त शिरत नाही. जखमांचा माणूस बर्फात ठेवलेला धातूचा गुळगुळीत तुकडा डोळ्याखालच्या सुजेवर दाबतो, भुवईच्या चिरेत अॅड्रेनालिनचा बोळा धरतो आणि वरून व्हॅसलीन लिंपतो. या जखमेतले रक्त थांबले नाही, तर डॉक्टर लढत थांबवू शकतो. कित्येक पट्टे या एका मिनिटात वाचले आहेत.

निकाल तीन परीक्षकांच्या हाती असतो. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुधा ९, जमिनीवर पडल्यास ८. गुणांवर पुढे असणे पुरेसे नसते, हे मेल्ड्रिक टेलरला १७ मार्च १९९० रोजी कळले. तो तीनपैकी दोन परीक्षकांच्या तक्त्यावर स्पष्ट पुढे होता. बाराव्या फेरीत हूलिओ सेझार चावेझने त्याला पाडले, तो उठला, आणि फक्त दोन सेकंद उरली असताना रेफरीने लढत थांबवली. त्या निर्णयावर अजून वाद झडतात.

जगज्जेतेपदाची लढत पूर्वी पंधरा फेऱ्यांची असे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने फेऱ्या बारावर आणल्या, आणि त्या दशकातच बाकीच्या संघटनांनीही ते मान्य केले. स्त्रियांच्या जगज्जेतेपदाच्या लढती बहुधा दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्या होतात. ३० एप्रिल २०२२ रोजी केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डन तुडुंब भरवले, तेव्हा ती स्त्रियांची लढत तिथल्या कार्यक्रमाची मुख्य लढत होण्याची पहिलीच वेळ होती.

पैसा

जाहीर होणारे मानधन आणि हाती पडणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो, प्रशिक्षकाला साधारण दहा टक्के, शिवाय संघटनेचे शुल्क, सरावाचे जोडीदार, शिबिराचा खर्च आणि कर. मेवेदर-पॅकियाओ लढत (२ मे २०१५) अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे मोजून पाहिली; पण अशी कमाई बोटांवर मोजण्याइतक्यांच्या वाट्याला येते. प्रमोटर (लढत भरवणारा) आणि मॅनेजर एकच असला, की मुष्टियोद्ध्याची बाजू घ्यायला कोणी उरत नाही. अमेरिकेने २००० मध्ये मुहंमद अलीच्या नावाने केलेल्या कायद्याने या दोन भूमिकांत भिंत घातली.

जो लुइसने जून १९३७ ते १९४९ हेवीवेटचा पट्टा राखला आणि तो २५ वेळा यशस्वीपणे वाचवला. या गटात तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. १९४२ मध्ये दोन लढतींचे मानधन त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधींना दिले. तरीही करखात्याची थकबाकी डोक्यावर बसली आणि निवृत्त झालेला लुइस १९५० मध्ये पुन्हा रिंगमध्ये उतरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर ढकलले. उतारवयात तो लास व्हेगासच्या एका कसिनोत पाहुण्यांचे स्वागत करी.

शेवट

योग्य वेळी थांबलेले थोडेच. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला आणि परतला नाही. लेनक्स लुइस २००४ मध्ये पट्टा कमरेला असतानाच बाजूला झाला. अली मात्र १९७८ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेता होऊनही थांबला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये, एकेकाळी त्याच्याच सरावाचा जोडीदार असलेल्या लॅरी होम्सचा मार त्याने दहा फेऱ्या खाल्ला, त्यानंतरही एक लढत बहामात जाऊन लढला, आणि १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनग्रस्ततेचे निदान झाले. वारंवार डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूची हानी होते, हे हॅरिसन मार्टलंड या विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच मांडले होते. म्हणूनच नॉकआउटनंतर सक्तीची विश्रांती आणि परवान्यासाठी मेंदूची तपासणी हे नियम अनेक ठिकाणी आहेत. पण एका ठिकाणी परवाना नाकारला, की दुसरीकडे लढत ठरवता येते, आणि ही पळवाट अजून बुजलेली नाही.

वयाला हुलकावणी देणारेही झाले. जॉर्ज फोरमनने ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, गुणांवर मागे असताना मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने झोपवले. अंगावर वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीकडून हरताना घातलेलीच लाल चड्डी होती. बर्नार्ड हॉपकिन्सने १९८८ मध्ये पहिलीच लढत गमावली, पुढे मिडलवेटचा पट्टा वीस वेळा राखला आणि २०१४ मध्ये, ४९ व्या वर्षी, लाइट हेवीवेटचे दोन पट्टे एकत्र केले. ठोसे खाण्यापेक्षा चुकवण्यावर त्याचा भर होता, आणि त्याच्या दीर्घ कारकिर्दीचे तेच खरे कारण. डिसेंबर २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, जो स्मिथ ज्युनियरच्या ठोशांनी तो दोरांमधून रिंगबाहेर पडला आणि ठरलेल्या वेळेत परत चढू शकला नाही. त्याआधीच्या २८ वर्षांत कोणीही त्याला मुदतीआधी हरवले नव्हते.