रात्रीची आग आणि फोटोत न दिसणारा फायरमन

एप्रिल लागला की नागपुरात आगीच्या बातम्या वाढतात. लकडगंजच्या आरामशिनी, कळमन्याचं मार्केट, एमआयडीसीतलं एखादं गोदाम. त्यातच 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह येतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात साठाहून अधिक अग्निशामक गेले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणाचा. या दिवसांत फायरमनचे फोटो पुष्कळ छापून येतात, पण बहुतेक कवायतीचे, दिवसाउजेडी काढलेले. रात्री खऱ्या आगीवर झुंजणारा माणूस फोटोत नीट दिसायला फार काळ जावा लागला.

आगीचे फोटो तसे कॅमेऱ्याच्या बालपणापासूनचे. 1842 मध्ये हँबुर्ग जळालं तेव्हा हेर्मान बियोव्हने टिपले ते आग विझल्यानंतरचे भग्नावशेष. 1853 मध्ये अमेरिकेत ओस्विगोच्या जळत्या गिरण्या जॉर्ज बर्नार्डने टिपल्या, त्या दिवसा. तेव्हाच्या प्लेटला उजेड फार लागायचा. अंधारात हलणारा माणूस तिच्यावर उमटणं शक्यच नव्हतं.

मग फोटोग्राफरने स्वतःचा उजेड आणला. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली. ती पेटवली की तिचाच धूर व्हायचा, म्हणजे आगीच्या जागी आणखी आग! 1929-30 च्या सुमारास काचेचे फ्लॅशबल्ब आले आणि न्यूयॉर्कमध्ये 'वीजी' या टोपणनावाच्या वृत्तछायाचित्रकाराने स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन रात्रीच्या आगी आणि खून टिपले. पण फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतो. दहा फुटांवर चेहरा उजळवणारा बल्ब चाळीस फूट उंच शिडीवरच्या माणसापर्यंत सोळाव्या हिश्श्याने पोचतो. शिवाय धुरात फ्लॅश मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. जवळच्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा, मागची आग फिकी. अशा फोटोतला फायरमन मला नेहमी पकडलेल्या चोरासारखा वाटतो.

दुसरी वाट फिल्मची. कोडॅकची ट्राय-एक्स 1954 मध्ये 35 मिमीत आली. ती 'पुश' करून, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून, आगीच्याच उजेडात फोटो निघू लागले. आपल्याकडे परदेशी फिल्मवर आयातीचे निर्बंध होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म त्या काळातली. पण फिल्म कुठलीही असो, ज्वाळांच्या हिशेबाने एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा उजेड) दिलं की माणूस काळा ठिक्कर, माणसाच्या हिशेबाने दिलं की ज्वाळा पांढरा ठिपका. त्यात न्यूजप्रिंटवर ब्लॉक (फोटोचा छपाईचा ठसा) छापला की उरलासुरला तपशील शाईत बुडायचा. होज धरलेली काळी आकृती आज 'कलात्मक' म्हणून मिरवते. ती मुळात नाइलाजाची संतती.

नागपूरचा या विषयाशी संबंध निव्वळ उन्हाळ्याचा नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झालं आणि 1957 मध्ये नागपुरात आलं. देशभरचे फायर ऑफिसर इथे शिकून जातात. त्यांच्या शिक्षणातली एक साधी गोष्ट फोटोग्राफरच्याही कामाची आहे. गरम धूर वर चढतो, म्हणून धुरात वाकून, गुडघ्यांवर पुढे सरकायचं. कॅमेराही कमरेखाली आणला की बूट, होज आणि ब्रांच (होजच्या टोकाचं पाणी मारायचं तोंड) धरलेले हात स्पष्ट दिसतात. उभ्याने काढलेल्या फोटोत तिथे नुसता करडा पडदा असतो.

खरा फरक 2007 नंतर पडला. निकॉन डी3 या डिजिटल कॅमेऱ्याने 6400 आयएसओपर्यंत (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वापरण्याजोगा फोटो दिला, वाढीव सेटिंगमध्ये 25,600. आगीभोवतीच्या कॉर्डनच्या (अडवलेल्या जागेच्या) बाहेरून, फ्लॅशशिवाय, हेल्मेटखालचे डोळे दिसू लागले. तोवर पोशाखावर रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या आल्या होत्या, आणि त्या उजेड आला तिकडेच परत फेकतात. त्यामुळे आता कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर माणूस बुडतो आणि पट्ट्याच तेवढ्या लखलखतात.

मोबाईलचा नाइट मोड मात्र वेगळंच करतो. अनेक फ्रेम एकावर एक रचून तो रात्रीची संध्याकाळ करून टाकतो. उभा बंब त्यात चकचकीत येतो आणि धावणारा फायरमन पुसट होतो.