झडतीची नोंद कोणत्या दफ्तरात?

पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली बैलांची रांग लागते. झुली, बेगड, गळ्यात घुंगरमाळा. तोरण तुटायच्या आधी एकेक गडी पुढे सरतो आणि झडती, म्हणजे चिमटे काढणारं छोटं गाणं, म्हणतो. विदर्भात पोराटोरांनाही पाठ असलेली एक झडती अशी:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशांसाठी
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
देव कवा धावला गरिबांसाठी
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

देवाच्या सणाला, देवाच्याच नावाने देवाला जाब, आणि लगेच जयजयकार. हसणाऱ्यांत पाटील असतो, सावकारही असतो. पुढच्या झडत्या खाली माणसांत उतरतात: मापात कोणी मारलं, व्याजापायी कोणाचं वावर गेलं, कापसाचा भाव कुठे अडला. त्या दिवशी कोणी राग धरायचा नाही, हे ठरलेलं. बैल घरोघरी फिरवून गडी बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागतो, तोही हसत दिला जातो. एरवी वर्षभर सालदाराने, म्हणजे सालभराच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने, हेच तोंड उघडलं असतं, तर पुढच्या गुढीपाडव्याला त्याचं साल कोणी धरलं नसतं.

विनोदाचा आणि समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला अशी जागा म्हणजे पर्वणी वाटावी. पण मुळात इतिहासकार हसण्याकडे वळलेच उशिरा. कीथ थॉमस यांनी १९७७ मध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या हसण्यावर लिहिलं. रॉबर्ट डार्नटन यांनी १९८४ मध्ये पॅरिसच्या छापखान्यातल्या शिकाऊ पोरांचा प्रसंग उलगडला. मालकिणीची लाडकी मांजर मारून ही पोरं हसून लोळली, त्यात त्यांना गंमत कसली वाटली, हा त्यांचा प्रश्न. ती हकीकत त्यांना मिळाली, कारण त्या कामगारांपैकी एकाने पुढे ती लिहून ठेवली होती. आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं. झडती म्हणणाऱ्याने ती लिहिली नाही, आणि लिहिता येणाऱ्याला ती लिहावीशी वाटली नाही.

लिहिलं गेलं ते वेगळंच. इंग्रज अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले. त्यांत जातीजातींवरच्या म्हणी आणि टोमणे आहेत. कुणबी कसा, सोनार कसा, याची टिंगल साहेबाच्या दफ्तरात नीट बसली. तेव्हा नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरी (ती १९५१ मध्ये गेली), तर वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा देई. दोन्हीकडे वरच्याने खालच्याला हसावं याची नोंद झाली. उलट दिशेचं हसणं आखरावरच्या धुळीत राहिलं. तेही धुतल्या तांदळासारखं होतं असं मात्र नाही. दंडार आणि खडी गंमत या गावच्या लोकनाट्यांतल्या सोंगांत बाया आणि खालच्या जाती यांचीही यथेच्छ टवाळी व्हायची. गावचा विनोद म्हणजे गरिबाचं हत्यार, असं सरसकट म्हणणाऱ्याने दोन रात्री बसून दंडार बघावी.

बायांचं हसणं तर आखरावर नव्हतंच. ते भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातल्या पोरींच्या सणाच्या, गाण्यांत सापडतं. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचं बी पेरायला लावते, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. पोरी टाळ्या पिटत हे गातात. यातल्या सासूला हसायचं की सुनेच्या नशिबाला, हे गाणाऱ्यांनाच ठाऊक.

छापील विनोदाचं मूळही वऱ्हाडातच आहे, याची आठवण पुण्या-मुंबईच्या चर्चांत फारशी निघत नाही. आधुनिक मराठी विनोदी लेखनाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) खामगाव आणि जळगाव जामोदसारख्या गावांत वकिली करत. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्यांच्या त्रिकुटाने हुंडा, मुहूर्त, शिमगा, सगळ्यांची खिल्ली उडवली. पण हे हसणं पांढरपेशांचं, स्वतःच्याच आळीतलं. कोर्टाच्या पायरीवर बसलेला पक्षकार त्यात हसणारा म्हणून दिसत नाही. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांचा शेवटही विदर्भातच, १९१९ मध्ये सावनेरला झाला.

या दोन हसण्यांमधली भिंत कोणी पाडली असेल, तर ती अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी. त्यांचं कीर्तन म्हणजे उलटतपासणीच. साधा, उघड उत्तराचा प्रश्न टाकायचा, समोरच्या हजारोंकडून 'हो' किंवा 'नाही' वदवून घ्यायचं, आणि त्याच उत्तरात त्यांना अडकवायचं. सत्यनारायणाच्या पोथीतली बुडालेली नाव वर येते, तर लढाईत बुडालेल्या बोटी का येत नाहीत, हा त्यांचा सवाल गाजला. हसता हसता माणूस कबूल होऊन बसे. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्याच्या काही आठवडे आधीचं त्यांचं मुंबईतलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आणि श्रोत्यांचे हुंकार आज ऐकता येतात. वऱ्हाडी हसण्याचा इतका अस्सल पुरावा दुसरा क्वचितच असेल.

पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत परंपरा वेगळी: दंडार, खडी गंमत आणि मग शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीचं नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट २०२१ पर्यंत थांबले होते, नाटकं थांबली नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे नाटक मंडळींचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्रभर चालतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ५,००० हून अधिक प्रयोग केलेला हा नट प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठी ओळखला जातो.

अभ्यासकाने या नाटकांच्या संहिता जरूर गोळा कराव्यात. पण विनोदी नट त्या त्या गावात शिरल्यावर तिथल्या सोसायटीच्या सचिवावर, रोजगार हमीच्या हजेरीपटावर, पंचायतीच्या बंद नळावर जे जागच्या जागी मारतो, ते संहितेत नसतं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पाहुणा म्हणून बसलेल्या पुढाऱ्यालाही ते ऐकून हसावंच लागतं.